गाडीतला दिवा लागला, आता थांबायचं की जायचं? पवईत अडकलेल्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न सकाळीच वाचला होता पण गॅरेजमध्ये दोन गाड्या खोलून ठेवलेल्या, म्हणून आत्ता रात्री लिहितोय आणि लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंनी सेकंडहँड सीएनजी हॅचबॅक घेतली, रोज मुलुंड ते अंधेरी. मंगळवारी कांजूरमार्गला जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) वळताना बॅटरीचा लाल दिवा लागला, त्यांना वाटलं बॅटरी तर चार महिन्यांपूर्वी नवी टाकलीय, संध्याकाळी बघू. ट्रॅफिकमध्ये रखडत पवईला आयआयटीच्या पुढे आल्या तर स्टिअरिंग जड झालं, मग एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय), एअरबॅग, चेक इंजिन सगळी दिवाळी एकदम आणि गाडी बंद. एका टेम्पोवाल्याने केबल लावून चालू करून दिली, पाच-दहा मिनिटांत परत बंद. आता त्या विचारतायत की इतके दिवे एकदम कशाने लागले, कुठल्या दिव्याला जागच्या जागी थांबायचं, आणि भर रस्त्यात बंद पडली तर नेमकं करायचं काय.

माझं भांडुपला गॅरेज आहे, या धंद्यात 27 वर्षं झाली, सुरुवात दादरला टॅक्सीच्या गॅरेजमध्ये पोऱ्या म्हणून केली. तेव्हा काळीपिवळी पद्मिनी होती, ड्रायव्हर लोक काट्यावर आणि कानावर गाडी चालवायचे, आवाज बदलला की ठाण्याचं भाडंसुद्धा नाकारून सरळ गॅरेजला यायचे. ती पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली आणि तिच्याबरोबर ते कानही गेले. आता कान बंद, एसी चालू, गाणी चालू, सगळी भिस्त दिव्यावर, आणि दिवा लागला की लोक त्याच्याकडे मोबाईलच्या लो बॅटरीसारखं बघतात, जाईल अजून थोडं.

आधी तुमच्या दिवाळीचं. बॅटरीच्या चित्राचा दिवा बॅटरी जुनी की नवी याचं काहीच सांगत नाही. तो सांगतो की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा डायनॅमो, चार्जिंग करत नाहीये, म्हणजे गाडी आता फक्त बॅटरीत जेवढं शिल्लक आहे तेवढ्यावर चाललीय. घरात पाण्याची लाइन बंद झाली आणि टाकीतलं पाणी वापरतोय असं समजा. टाकी नवी असली म्हणून लाइन चालू होत नाही. त्यात तुमचा एसी चालू, ब्लोअर तीनवर, रेडिएटरचा पंखा, गाणी, मोबाईल चार्जिंगला. कांजूर ते पवई अंतर काहीच नाही पण सकाळच्या ट्रॅफिकला अर्धा तास सहज जातो, तेवढ्यात टाकी रिकामी. व्होल्टेज पडलं की आधी इलेक्ट्रिक स्टिअरिंग सोडतं कारण त्याला करंट जास्त लागतो, मग एबीएसचं कंट्रोलर म्हणतं मला जमत नाही, एअरबॅगचं म्हणतं मला जमत नाही, शेवटी फ्युएल पंप आणि इंजेक्टर. म्हणजे तुमचं एबीएस पण बरं होतं आणि एअरबॅग पण. दोष एकच होता, बाकीचे दिवे त्याच्या मागून रडत आलेले.

म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारतो, पहिला दिवा कुठला लागला? दहा दिवे लागलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात लोक, त्याचा मला उपयोग नाही, जो पहिला लागला तो आठवा. तुमचं एक चांगलं की तुम्हाला आठवतंय.

टेम्पोवाल्याने चालू करून दिल्यावर परत बंद का पडली ते आता कळलं असेल. जंप स्टार्टने, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीने, सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) फिरतो, अल्टरनेटर जिवंत होत नाही. बॅटरीचा दिवा लागून गाडी बंद पडली असेल तर जंप मारून लांब जायचा विचार सोडा, फक्त रस्त्याच्या कडेला घेण्यापुरतं तेवढं वापरा. तुम्ही म्हणताय टेंपरेचरचा लाल दिवा लागला नव्हता, म्हणजे अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटलेला नसावा, अल्टरनेटरचे कार्बन (आतले घासणारे ब्रश) झिजले असतील नाहीतर कटआउट (व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर) गेला असेल. पट्टा मात्र महत्त्वाचा, कारण बऱ्याच गाड्यांत त्याच पट्ट्यावर वॉटर बॉडी, म्हणजे इंजिनातलं पाणी फिरवणारा पंप, पण फिरते. पट्टा तुटला तर चार्जिंग पण बंद आणि इंजिनातलं पाणी फिरणं पण बंद, आणि मग पाच-सात मिनिटांत इंजिनाचं हेड (वरचा भाग) तापून वाकेल अशी पाळी. त्यामुळे बॅटरीचा दिवा लागला की लगेच एसी, गाणी, चार्जर सगळं बंद करायचं आणि डोळा टेंपरेचरवर ठेवायचा. टेंपरेचर वर जातंय तर तिथेच थांबा. जात नसेल तर दिवसाउजेडी हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, फक्त वाटेत इंजिन बंद करायचं नाही, परत चालू होणार नाही. सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणारी सोय गाडीत असेल तर तिचं बटण दाबून ती सोय बंद करा. ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांनी घरी बघावं, रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू केल्यावर साधारण 14 च्या आगेमागे जायला पाहिजे. चालू इंजिनला पण बाराच दाखवत असेल तर बॅटरीवाल्याकडे जाऊ नका, गाडीच्या वायरमनकडे (इलेक्ट्रिशियन) जा.

आता दुसरा प्रश्न. रंग सगळ्यांना माहीत असतात, लाल म्हणजे धोका वगैरे. मी असं सांगतो की रंग म्हणजे तुमच्या हातात किती वेळ आहे त्याचं घड्याळ. हिरवा निळा सोडून द्या, काहीतरी चालू आहे एवढंच. पिवळा म्हणजे दिवस आहेत, कधी एखादाच दिवस. लाल म्हणजे मिनिटं. आणि लालमध्ये एक आहे जो सेकंदांवर चालतो, तो ऑइलचा.

ऑइलच्या चंबूचा दिवा. मी या दिव्यावर जरा जास्त बोलतो कारण माझ्याकडे आलेली सगळ्यात मोठी बिलं याचीच आहेत. लोकांना वाटतं पेट्रोलचा दिवा लागला की पेट्रोल संपत आलं तसं हा लागला की ऑइल कमी झालं, टाकू उद्या. तो ऑइल किती आहे ते दाखवत नाही, ऑइलचं प्रेशर नाही हे दाखवतो. इंजिनात क्रँक आणि बेअरिंगच्या मध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि तो प्रेशरवर उभा असतो, प्रेशर गेलं की लोखंड लोखंडावर घासतं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, नाव नको, घाटकोपरला त्याच्या सोसायटीच्या गेटवर कोणीतरी हौसेने बांधलेला उंच स्पीडब्रेकर, त्यावर चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) घासलं, खड्ड खड्ड आवाज आला, त्याने बघितलं नाही. विक्रोळीला दिवा लागला. भांडुप जवळच आहे, पोचतोच म्हणाला. पोचला पण, गॅरेजच्या दारात. टक टक टक आवाज करत आला आणि दारातच इंजिन धरलं, म्हणजे जाम झालं. चेंबरला नखाएवढी चीर होती. विक्रोळीला बंद करून मला फोन केला असता तर चेंबर, ऑइल आणि टोचन (गाडी ओढून आणणं) एवढ्यावर भागलं असतं. नंतर क्रँक, बेअरिंग सगळं खोलावं लागलं, पंचवीस दिवस गाडी माझ्या दारात उभी, रोज त्याचा फोन.

छोट्या गाडीत ऑइल असतंच जेमतेम तीन-साडेतीन लिटर. दिवा लागला की बाजूला घ्या, इंजिन बंद, सपाट जागेवर पाचेक मिनिटं थांबा, डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, परत काढा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल पाहिजे. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर गाडीच्या खाली वाका, थेंब पडतायत का बघा. गळत नसेल आणि जवळ ऑइल मिळालं तर भरा, चालू करा, दोन-चार सेकंदांत दिवा गेला तर हळू गॅरेजला. ऑइल बरोबर आहे तरी दिवा आहे? कदाचित फक्त सेन्सर खराब असेल, खरंच असतो पुष्कळदा, पण ते रस्त्यावर उभं राहून ठरवता येत नाही, टोचन मागवा. सेन्सर निघाला तर हसू आपण.

टेंपरेचर. मुंबईत मे महिना आणि घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, यात ज्याची गाडी एकदा तरी उकळली नाही त्याने पेढे वाटावेत. कारण बहुतेक वेळा रेडिएटरचा पंखा बंद, नाहीतर कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, गळती, कधी थर्मोस्टॅट वॉल्व्ह अडकलेला. ट्रॅफिकमध्येच तापते आणि पळवली की उतरते अशी गाडी असेल तर आधी पंखा बघा. काटा वर चढायला लागला, अजून लाल दिवा लागला नाही, तर एसी बंद करा आणि हिटर फुल करा, खिडक्या उघडा, हो मे महिन्यात, घाम गाळा, कारण हिटर म्हणजे इंजिनाला मिळालेला दुसरा छोटा रेडिएटर. आणि हिटरमधून गरमऐवजी गार हवा येतेय आणि काटा तर वर आहे असं दिसलं तर समजा की आत कूलंटच उरलं नाही, ताबडतोब बंद. कधीकधी उलटं पण होतं, पाणी पूर्ण संपलं की सेन्सर नुसत्या हवेत लटकतो आणि काटा खाली येतो, माणूस खूश होतो की बरं झालं उतरलं. वास येतो त्यावेळी, गोडसर, कूलंट जळाल्याचा. तो वास ओळखा.

लाल लागला की बंद करायचं आणि बोनेट उघडून बाजूला उभं राहायचं, कमीत कमी अर्धा तास. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडायचं नाही. फडकं धरून नाही, हळूच नाही, थोडंसं सैल करून नाही. आतलं पाणी प्रेशरखाली असतं म्हणून 100 डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण फिरवलं की प्रेशर सुटतं आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. माझ्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत कातडी वेगळ्या रंगाची आहे, कसाऱ्याच्या घाटात 2009 साली गिऱ्हाइकाला घाई होती आणि मला शहाणपणा दाखवायचा होता. वरचा होज पाईप हाताने दाबून बघा, गरम आणि टणक लागला तर अजून थांबा, मऊ पडला की मग झाकण. पाणी साधं चालेल त्या वेळेपुरतं, बिसलेरी असो की नळाचं, फक्त तापलेल्या इंजिनात एकदम थंडगार ओतू नका, आणि नंतर ते काढून कूलंट भरून घ्या, साध्या पाण्याने आत गंज धरतो.

ब्रेकचा लाल गोल दिवा, मध्ये उद्गारचिन्ह. आधी हँडब्रेक बघा, हसू नका, रोज एकजण त्याच्यासाठी येतो. हँडब्रेक खाली आहे तरी लागलाय तर ऑइलच्या डबीत ब्रेक ऑइल कमी. आता इथे शेजारचे काका सांगतात ऑइल टाका झालं. अहो पण ते गेलं कुठे? ब्रेक पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि डबीतली लेव्हल खाली येते, म्हणजे एकतर पॅड संपलेत नाहीतर कुठेतरी गळतंय. नुसतं टाकून समाधान मानू नका. पेडल रोजच्यापेक्षा खाली जात असेल, स्पंजासारखं लागत असेल, तर गाडी हलवायची नाही. एकटा एबीएसचा पिवळा लागला तर साधे ब्रेक चालू असतात, फक्त जोरात दाबले की चाक लॉक होऊ शकतं, पावसात सांभाळून. बहुतेकदा चाकाच्या सेन्सरवर चिखल. पण एबीएस आणि लाल ब्रेक दोन्ही एकत्र लागले तर मागच्या-पुढच्या चाकांतलं ब्रेकचं वाटप पण गेलेलं असू शकतं, तो लाल समजायचा.

चेक इंजिन, पिवळा. स्थिर लागलाय, गाडी नीट चाललीय, तर घाबरू नका, दोन-चार दिवसांत स्कॅन करून घ्या. लुकलुकतोय आणि गाडी थरथरतेय तर ते वेगळं. त्याला मिसफायर म्हणतात, एखादा सिलिंडर पेटत नाही आणि न जळलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन तिथे जळतं, तो जळून गेला की प्लग-कॉइलच्या खर्चात भागलं असतं ते कितीतरी पटीत जातं. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, हळू घ्या, शक्यतो थांबा. तुमची सीएनजी आहे म्हणून सांगतो, गॅसवर चालताना अशी थरथरली तर पेट्रोलवर टाकून बघा, गॅसला ठिणगी जोरदार लागते म्हणून कमजोर प्लग आणि कॉइल गॅसवर आधी बोंब मारतात. पेट्रोलवर नीट चालली तरी प्लग बघून घ्याच.

सीएनजीवाल्यांची अजून एक सवय, पेट्रोल कायम रिझर्व्हला ठेवायचं, गॅसवरच चालवतो ना. पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो. टाकी कोरडी ठेवाल तर पंप जाईल आणि ज्या दिवशी गॅसच्या रांगेत गॅस संपेल त्याच दिवशी जाईल. पाव टाकी तरी ठेवा. आणि गॅसचा वास आला तर बाजूला घ्या, चावी बंद, सगळ्यांना उतरवा, दारं उघडी, सिलेंडरचा वॉल्व्ह हाताशी असेल तर बंद करा, आणि ब्लोअर-लाइटची बटणं खेळत बसू नका.

चेक इंजिनचं मुंबईतलं एक कारण पुस्तकात नसतं, उंदीर. पाऊस सुरू झाला की बिळात पाणी शिरतं आणि ते बोनेटखाली येतात, गरम असतं, कोरडं असतं, आणि वायरिंग कुरतडतात. गेल्या जुलैमध्ये एका आठवड्यात तीन गाड्या. एकीत एअर फिल्टरच्या डब्यात अर्धा वडापाव मिळाला, शपथ. डांबर गोळ्या, तंबाखू, लोक सगळं करतात, माझा अनुभव असा की काहीच कायमचं चालत नाही, गाडी रोज हलवा आणि कचऱ्याच्या पेटीजवळ लावू नका.

स्कॅनरबद्दल. ब्लूटूथचं छोटं यंत्र मिळतं, स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटमध्ये लावायचं, मोबाईलवर कोड येतो. घ्यायला हरकत नाही, पण कोड म्हणजे निकाल नाही. पी 0171 आला म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. लगेच सेन्सर बदलणारे मेकॅनिक आहेत, आणि निघतो फाटलेला रबरी पाईप. कोड घेऊन गेलात तर मेकॅनिकला एवढंच विचारा की पार्ट बदलायच्या आधी काय तपासलं. गप्प बसला तर दुसरीकडे जा.

बाकीचे पटकन. एअरबॅगचा लागला तर गाडी चालते, फक्त धडक झाली तर बॅग उघडेल याची खात्री नाही, त्यामुळे टाळू नका, सीटखालचा कनेक्टर ढिला असतो बऱ्याचदा पण स्वतः ओढून बघू नका. टायरच्या हवेचा दिवा लागला तर उतरून चारही टायर बघा, एक बसलेला दिसतोय का. चावीचं चित्र लुकलुकतंय आणि गाडी चालू होत नाही तर चावीतला सेल संपला असेल, बटणवाली गाडी असेल तर चावीच बटणाला टेकवून दाबा, बऱ्याच गाड्यांत चालतं. डिझेलवाल्यांना 2020 नंतरच्या बीएस 6 (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांत डीपीएफचा दिवा त्रास देतो, काजळीचा फिल्टर भरतो कारण दादर-परळच्या ट्रॅफिकमध्ये तो गरमच होत नाही, दिवा नुकताच लागला असेल तर मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा, मध्ये बंद करू नका, मॅन्युअलमध्ये वेग दिलेला असतो.

एक गोष्ट सेकंडहँड घेणाऱ्यांनी करायचीच, तुम्ही उद्या करा. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. सगळे दिवे लागले पाहिजेत, ऑइल, बॅटरी, चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग. मग चालू केल्यावर गेले पाहिजेत. एखादा लागतच नसेल तर तो बिघडलेला दिवा नव्हे, कोणीतरी मुद्दाम बंद केलेला दिवा असू शकतो. मी असं मीटर खोलून बघितलंय की एअरबॅगच्या दिव्यावर काळी टेप. विकणाऱ्याने चेक इंजिनचा कोड पुसून टाकला असेल तर तो काही दिवस चालवल्यावर परत येतो, म्हणून पहिल्या आठवड्यात लक्ष ठेवायचं.

आता रस्त्यात बंद पडल्यावर. पॉवर कमी होतेय असं वाटलं की वेग आहे तोवरच डावीकडे काढा, चारही इंडिकेटर चालू, काहीही करून रस्त्याची कडा गाठायची. इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं पण फिरतं, जोर लावा, आणि ब्रेक दोन-तीन वेळा नीट लागतो, नंतर दगडासारखा होतो, म्हणून उगाच पंप करू नका, एकदाच धरून थांबवा. चावी पूर्ण काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

थांबल्यावर सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडीच्या मागे उभं राहून डिकी उघडून मागच्यांना इशारा देणारा लाल त्रिकोण शोधत बसणं. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. त्रिकोण ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवा, आजच हलवा. डाव्या दारातून सगळ्यांना उतरवा, कठड्याच्या पलीकडे जागा असेल तर पलीकडे, गाडीच्या पुढे लांब उभे राहा, गाडीत बसून राहू नका. त्रिकोण मागे किमान 50 मीटर, वळणावर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळायच्या आधी दिसला पाहिजे. जेव्हीएलआरच्या फ्लायओव्हरवर कठड्यापलीकडे काही नसतं, तिथे गाडीच्या पुढे जाऊन कठड्याला चिकटून उभं राहायचं, गाडी आणि येणाऱ्या ट्रॅफिकच्या मध्ये नाही. सी लिंक, अटल सेतू, फ्रीवे, कोस्टल रोड, इथे फोटो काढायलासुद्धा थांबायला मनाई आहे, बंद पडली तर कॅमेऱ्यात दिसतं आणि गस्तीची गाडी येते, तरी 112 ला फोन करा आणि चालत निघू नका. अटल सेतू 21.8 किलोमीटर आहे, कुठे चालणार. नॅशनल हायवेवर 1033. घाटात थांबलात तर चाकामागे दगड लावा आणि निघताना तो दगड उचलून कडेला टाका, बाबांनो, रात्री बाइकवाला त्यावर जातो आणि कोणाला पत्ता नसतो दगड ठेवला कोणी.

टोचनबद्दल. दोरी बांधून ओढणं मॅन्युअल गाडीला थोड्या अंतरापुरतं ठीक, ऑटोमॅटिकला आणि इलेक्ट्रिकला नाही, त्यांची चाकं जमिनीवर फिरवत ओढली तर गिअरबॉक्स किंवा मोटर जाते, सपाट ट्रेवर चढवणारी गाडीच मागवा. इन्शुरन्समध्ये रोडसाइडची सोय असते बऱ्याच जणांच्या, माहीत नसते, पॉलिसी काढून बघा आणि तो नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण तुमच्या गाडीची बॅटरी जाते त्याच दिवशी मोबाईलची पण जाते.

जंप केबल लावताना लाल चिमटी आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं काळं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीवर नाही, ठिणगी पडते आणि बॅटरीतून गॅस निघत असतो. काढताना उलट क्रमाने.

पंक्चरला चाकाचे नट गाडी उचलायच्या आधीच अर्धा फेरा सैल करा, उचलल्यावर चाक नुसतं फिरतं. ताई, तुमच्या गाडीत स्टेपनी कुठे आहे ते बघितलंय का? बऱ्याच सीएनजी गाड्यांत ती सिलेंडरच्या खाली अडकलेली असते, भर रस्त्यात कळतं की काढताच येत नाही. घरी एकदा काढून बघा, आणि तिच्यात हवा आहे का ते पण, आमच्याकडे येणाऱ्या स्टेपन्या बहुतेक उपाशीच असतात.

कोणी बाइकवाला बाजूला येऊन हात करून सांगेल मॅडम ऑइल गळतंय, धूर येतोय, तर तिथेच थांबू नका. हे लोक थांबवून लॅपटॉपची बॅग उचलतात, मुंबईत जुना धंदा आहे. मीटर बघा, लाल काही नाही, वास नाही, तर पुढच्या पेट्रोल पंपावर जाऊन माणसांत बघा. लाल दिवा लागला असेल तर मात्र तो खरं सांगतोय, थांबा पण काचा वर, दारं लॉक, बॅग पायाशी.

राहिला पाऊस. पाणी तुंबायच्या जागा ठरलेल्या, हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, गांधी मार्केट, तुम्हाला अंधेरी रोजचीच. इंजिन हवा कुठून घेतं ते मेकॅनिकला विचारून बघून ठेवा, काही गाड्यांत ते तोंड पुढच्या जाळीच्या मागे बऱ्यापैकी खाली असतं. पाणी अर्ध्या चाकाच्या वर आहे तर जायचंच नाही, पुढचा गेला म्हणून आपण जायचं नाही, आणि बेस्टची बस शेजारून गेली की जी लाट येते तिचा हिशोब धरा. पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही. एकदाही नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत इन्शुरन्सवाले म्हणतात हे तुम्ही केलं. इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅडऑन मुंबईत घ्याच. ढकलून बाहेर काढा, प्लग काढून पाणी बाहेर टाकल्यावरच चालू होईल ती. 2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, त्यानंतर दोन महिने आम्ही फक्त बुडालेली इंजिनं खोलत होतो आणि त्यातली पुष्कळ पाण्याने नाही, नंतर घाईने मारलेल्या सेल्फने गेलेली. त्या दिवशी गाडीत अडकून माणसं पण गेली. पाणी दाराच्या काठाला लागलं की काच आधी खाली करा, पॉवर विंडो नंतर चालत नाही, आणि गाडी सोडून बाहेर पडा. गाडीचं मी बघतो.

आता तुमचा अल्टरनेटर. नवा टाका म्हणून सांगितलंय म्हणता, लगेच हो म्हणू नका. वायरमनला आधी मेन फ्यूज आणि अल्टरनेटरच्या मागची जाड वायर ढिली आहे का ते बघायला सांगा, मग खोलू द्या. कार्बन नखाएवढे उरले असतील आणि बाकी वाइंडिंग (आतल्या तारांची गुंडाळी) काळं पडलेलं नसेल तर कार्बन आणि कटआउट बदलून तो अजून काही वर्षं जाईल. खोलल्यावर आतला एक फोटो काढून टाका इथे, बघून सांगतो.